तो पेपर मी पास केला होता : शोधपत्रिकांच्या संपादकांना एका परीक्षकाचं खुलं पत्र

शोधपत्रिकांचे सर्व संपादक आणि संपादक मंडळांचे सभासद यांस,

सप्रेम नमस्कार.

तक्रार करण्याआधी एक कबुली देते. काही वर्षांपूर्वी तुमच्यापैकी एकाने माझ्याकडे एक पेपर परीक्षणासाठी पाठवला. मुदत १४ दिवसांची. आधीचे दोन पेपर टेबलावर पडून होते, वर्ग चालू होते, घरी आजारपण होतं. प्रस्तावना मी बारकाईने वाचली, कारण ती थेट माझ्या विषयाची होती. पद्धतीचा भाग वाचला. तक्त्यांवरून नजर फिरवली. दोन संदर्भ राहिले आहेत, एका परिच्छेदाची भाषा सैल आहे, असं पानभर लिहिलं आणि 'किरकोळ दुरुस्त्यांनंतर स्वीकारावा' या चौकोनात खूण केली. तीन महिन्यांनी पेपर छापून आला.

चार वर्षांनी माझ्या एका विद्यार्थिनीने तोच अभ्यास पुन्हा करून पाहायला घेतला. एका संध्याकाळी ती पेपरमधला दुसरा तक्ता घेऊन आली. गटात २३ जण होते आणि त्यातल्या ४५ टक्के लोकांमध्ये सुधारणा दिसली, असं तिथे छापलेलं होतं. ती म्हणाली, "मॅडम, २३ पैकी किती जण म्हणजे ४५ टक्के?" १० धरले तर ४३.५ येतात, ११ धरले तर ४७.८. मधे माणूसच नाही. त्या तक्त्यात असे सात आकडे निघाले.

शाळकरी मुलाला जमेल असा भागाकार मी केला नव्हता. दुसऱ्या परीक्षकाने केला नव्हता, आणि संपादकांनीही नाही. तिघांच्या हातांखालून तो तक्ता गेला आणि तिघांनीही बहुधा एकच गृहीत धरलं, की बाकीच्या दोघांनी पाहिलं असेल.

मी पत्रिकेला लिहिलं. लेखकांवर लबाडीचा आरोप करायचा नव्हता. काही जण अभ्यासातून मधेच गळाले असतील आणि ते लिहायचं राहून गेलं असेल, किंवा आकडे उतरवताना चूक झाली असेल. मूळ नोंदी एकदा पाहाव्यात, एवढंच म्हणणं होतं. लगेच पोच आली, ती यंत्राने पाठवलेली. तीन महिन्यांनी मी आठवण केली. नवव्या महिन्यात कळलं, की लेखकांशी संपर्क साधला आहे. चौदाव्या महिन्यात उत्तर आलं : प्रकरण गोपनीय आहे, अधिक माहिती देता येत नाही. पेपर आजही तिथेच आहे, त्यावर एका ओळीची टीप नाही. नवे पेपर त्याचा हवाला देतात. आणि या चौदा महिन्यांत त्याच पत्रिकेकडून मला आणखी तीन पेपर परीक्षणासाठी आले, 'आपल्यासारख्या तज्ज्ञांच्या सहकार्यावरच आमचा दर्जा उभा आहे' या ओळीसकट.

हे पत्र त्या एका संपादकाला नाही. त्यांचं नाव मी घेणार नाही, कारण त्यांच्या जागी तुमच्यातले दुसरे कुणी असते तर वेगळं काही घडलं असतं अशी माझी खात्री नाही. पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या भुरट्या पत्रिकांनाही ते नाही. २०१३ मध्ये 'सायन्स' या पत्रिकेसाठी जॉन बोहॅनन यांनी मुद्दाम ढोबळ चुका पेरलेला एक खोटा पेपर ३०४ मुक्तप्रवेश (म्हणजे कुणालाही फुकट वाचता येणाऱ्या) पत्रिकांना पाठवून पाहिला होता आणि १५७ पत्रिकांनी तो स्वीकारला होता. त्या दुकानांबद्दल पुष्कळ लिहून झालं आहे. मी लिहिते आहे ती प्रतिष्ठित म्हणवणाऱ्या पत्रिकांच्या संपादकांना, ज्यांच्या नकारामुळे कुणाची नोकरी जाते आणि होकारामुळे कुणाला बढती मिळते.

माझं म्हणणं थोडक्यात असं : पीअर रिव्ह्यू म्हणून, म्हणजे छापण्याआधी पेपर त्याच विषयातल्या तज्ज्ञांकडून तपासून घेण्याची पद्धत म्हणून, आपण जे चालवतो, त्यातला संपादक हळूहळू नाहीसा झाला आहे. उरला आहे तो टपालवाला. पेपर आला, दोघांना धाडला, दोघांची मतं आली, बेरीज केली, लेखकाला कळवलं. मधे कुणी वाचलंच नाही.

हे पूर्वी असं नव्हतं. लंडनच्या रॉयल सोसायटीचे सचिव हेन्री ओल्डनबर्ग यांनी १६६५ मध्ये 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स' ही पत्रिका सुरू केली, तेव्हा काय छापायचं ते स्वतः वाचून तेच ठरवत. रॉयल सोसायटीने १७५२ मध्ये त्यासाठी समिती नेमली. लेखी अभिप्राय मागवण्याची पद्धत तिथे १८३० च्या दशकात रुजली. तिची सुरुवात मोठी गमतीची आहे. जॉर्ज एअरी यांच्या एका खगोलशास्त्रीय निबंधावर विल्यम ह्युएल आणि जॉन लबक यांनी मिळून अभिप्राय लिहायचा होता आणि त्या दोघांचंच पटेना. ह्युएल यांना निबंधाचं मोल सांगायचं होतं, लबक यांना त्यातल्या त्रुटी. म्हणजे परीक्षकांचं एकमत होत नाही, हा या पद्धतीत पुढे शिरलेला बिघाड नव्हे, तो पाळण्यातलाच आहे. 'नेचर'सारख्या पत्रिकेने तर प्रत्येक पेपर बाहेरच्या परीक्षकांना दाखवायचा नियम १९७३ मध्ये केला. आपण जिला विज्ञानाची सनातन परंपरा म्हणतो, ती बऱ्याच ठिकाणी माझ्या वयाची आहे.

मला वारंवार आठवतात ते जॉन टेट. १९३६ मध्ये ते 'फिजिकल रिव्ह्यू'चे संपादक होते. आइन्स्टाइन आणि नेथन रोझेन यांचा एक पेपर त्यांच्याकडे आला. गुरुत्वीय लहरी अस्तित्वातच नाहीत, असा त्याचा निष्कर्ष होता. आता कल्पना करा. पाठवणारा आइन्स्टाइन. कुठलाही संपादक डोळे मिटून छापेल. टेट यांनी वाचलं, त्यांना शंका आली, त्यांनी तो एका परीक्षकाकडे पाठवला. दहा पानांचा अभिप्राय आला, गणितातली चूक दाखवणारा. टेट यांनी तो आइन्स्टाइन यांना पाठवला आणि यावर आपलं म्हणणं कळवावं अशी विनंती केली. आइन्स्टाइन भडकले. पेपर छापण्यासाठी दिला होता, कुणाला दाखवण्यासाठी नव्हे, असं कळवून त्यांनी तो परत घेतला आणि पुढे त्या पत्रिकेकडे पाठच फिरवली. पण चूक खरी होती. दुसऱ्या वर्षी तो पेपर वेगळ्या पत्रिकेत आला, तेव्हा निष्कर्ष बदललेला होता. ते परीक्षक हॉवर्ड रॉबर्टसन होते, हे जगाला कळलं २००५ मध्ये.

ही गोष्ट सहसा परीक्षकाच्या कौतुकासाठी सांगितली जाते. मला तीत टेट दिसतात. नावाला न बिचकणारे, शंका आल्यावर योग्य माणूस शोधणारे, आलेला अभिप्राय वाचून त्यामागे उभे राहणारे. रॉबर्टसन यांची दहा पानं कुणाच्या तरी टेबलावर 'मेजर रिव्हिजन' (मोठ्या दुरुस्त्या हव्यात) एवढ्या दोन शब्दांत विरघळली असती, तर ती चूक तशीच छापली गेली असती.

परीक्षकाला काय जमतं आणि काय नाही, हे तुम्हाला माहीत आहे, कारण ते तुमच्याच लोकांनी मोजलं आहे. 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'च्या संपादकांनी १९९८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका पेपरात मुद्दाम ८ कच्चे दुवे घालून तो ४२० परीक्षकांना पाठवला. ज्यांचे अभिप्राय आले, त्यांनी सरासरी २ पकडले. पाचापेक्षा जास्त कुणीच नाही. २०१४ मध्ये यंत्र-शिक्षणाच्या (मशीन लर्निंगच्या) एका मोठ्या परिषदेने काही पेपर दोन वेगळ्या समित्यांकडे स्वतंत्रपणे दिले. एकीने निवडलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त दुसरीने नाकारले. मला यात परीक्षकांची बदनामी दिसत नाही. आम्ही समोरच्यावर विश्वास ठेवून वाचतो. प्रयोग झालाच आहे, माणसं खरी आहेत, आकडे मोजलेले आहेत, असं धरून चालतो. आमचं काम तर्काची वीण तपासण्याचं आहे. पोलीस पंचनामा करतात तसा आम्हाला करता येत नाही. तेवढी कागदपत्रं तुम्ही आमच्या हाती देतच नाही. म्हणूनच आमच्या दोन मतांची बेरीज म्हणजे निर्णय नव्हे. तो तुम्ही घ्यायचा असतो.

तो घेतला जात नाही तेव्हा काय होतं, ते पाहा.

२०१५ मध्ये दोन स्त्री-संशोधकांचा पेपर 'प्लॉस वन' या पत्रिकेकडे होता. परीक्षकाने लिहिलं, की एखादा पुरुष सहलेखक घेतलात तर बरं, म्हणजे निष्कर्ष भरकटणार नाहीत. परीक्षकाचं असं मत असणं ही एक गोष्ट झाली. माणसं पूर्वग्रहांसकटच येतात. पण ते वाक्य संपादकांच्या टेबलावरून जसंच्या तसं लेखिकांपर्यंत पोहोचलं. हरकत घेतली गेली, गाजावाजा झाला, मग पत्रिकेने परीक्षकाला यादीतून काढलं आणि संपादकालाही पायउतार व्हायला सांगितलं. ती बातमी वाचताना मला त्या परीक्षकापेक्षा पुढे धाडणाऱ्याचा जास्त राग आला होता. मलाही अशा ओळी आल्या आहेत, इतक्या उघड नाहीत, पण आल्या आहेत. दर वेळी त्यांच्या वर संपादकांचं एक सौजन्यपूर्ण वाक्य असतं : 'परीक्षकांच्या सर्व सूचनांचा विचार करावा.' सर्व?

२०२४ च्या फेब्रुवारीत एका पत्रिकेत उंदराचं एक चित्र छापून आलं. कृत्रिम बुद्धिमत्तेने काढलेलं. अवयवांचे आकार अचाट आणि त्यावरची नावं कुठल्याच भाषेतली नाहीत. जग हसलं, काही दिवसांतच पेपर मागे घेतला गेला. हसण्यात एक गोष्ट मागे पडली. प्रकाशकांनीच सांगितलं होतं, की एका परीक्षकाने त्या चित्रांवर बोट ठेवलं होतं, दुरुस्ती मागितली होती आणि लेखकांनी तिला उत्तरच दिलं नव्हतं. तरी पेपर पुढे सरकला. म्हणजे परीक्षण झालं होतं, परीक्षक जागा होता. आंधळं दळत होतं, बाकी काय होत होतं ते आपल्याला ठाऊकच आहे.

शब्दांची गोष्ट तर याहून वाईट. २०२१ मध्ये गियोम काबानाक, सिरिल लाबे आणि अलेक्झांडर मागाझिनोव्ह यांनी छापील पेपरांमधली चमत्कारिक वाक्यं गोळा करून दाखवली. दुसऱ्याचा मजकूर यंत्रात घालून शब्द बदलून घ्यायचे, म्हणजे वाङ्मयचौर्य शोधणाऱ्या सॉफ्टवेअरला तो सापडत नाही. यंत्र समानार्थी शब्द घालतं, पण अर्थ त्याला कळत नाही. मराठीत सांगायचं तर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या जागी 'बनावट जाणीव' आणि स्तनाच्या कर्करोगाच्या जागी 'उरातलं संकट'. अशी वाक्यं नामांकित प्रकाशकांच्या पत्रिकांतून आली. मला कुणी सांगावं, 'उरातलं संकट' हे वाचून ज्याची भुवई वर गेली नाही, त्याने काय वाचलं?

मग विशेषांक. पाहुणा संपादक नेमायचा, विषय त्याने ठरवायचा, परीक्षक त्यानेच शोधायचे, आणि छपाईचं शुल्क लेखकाकडून यायचं. पेपर जितके जास्त, तितकं उत्पन्न जास्त. तळे राखी तो पाणी चाखी, हे सांगायला संशोधन लागत नाही. हिंदावी या प्रकाशनाच्या पत्रिकांतून २०२३ या एकाच वर्षात ८,००० हून जास्त पेपर मागे घ्यावे लागले. त्यातले बहुतेक अशाच विशेषांकांतले होते. मालक कंपनी असलेल्या वायलीने अखेर ते नावच वापरायचं सोडून दिलं. हे पेपर लिहून विकणाऱ्या टोळ्या आहेत, त्यांना 'पेपर मिल' म्हणतात, हे खरं. पण गिरणीतला माल ज्या दारातून आत आला, त्या दाराच्या किल्ल्या कुणाकडे होत्या?

लेखकांनाच परीक्षकांची नावं सुचवायला सांगायची, ही तुमची आणखी एक सोय. शोधाशोध वाचते म्हणून. लेखक नाव सुचवतो खऱ्या तज्ज्ञाचं आणि सोबत ई-मेलचा पत्ता देतो स्वतः उघडलेला. पेपर तपासायला त्याच्याकडेच येतो. २०१२ मध्ये असं एक प्रकरण बाहेर आलं ते संपादकाला एका गोष्टीचा संशय आला म्हणून : रिव्ह्यू २४ तासांच्या आत येत होते. खरा परीक्षक इतका वक्तशीर असेल, यावर त्यांचा विश्वास बसेना! (माझे आधीचे दोन पेपर टेबलावर पडून होते ते आठवत असेलच.) त्यानंतर तरी दार बंद व्हायला हवं होतं. २०१४ मध्ये सेज प्रकाशनाच्या एका पत्रिकेने ६० पेपर मागे घेतले. २०१५ मध्ये स्प्रिंगरने आपल्या १० पत्रिकांतून ६४ घेतले. २०१७ मध्ये 'ट्यूमर बायॉलॉजी' या एकाच पत्रिकेने १०७ घेतले. पद्धत प्रत्येक वेळी तीच. एखाद्या संपादकाने त्या तज्ज्ञाच्या विद्यापीठाच्या पानावरचा पत्ता एकदा पाहिला असता तरी पुरलं असतं. दोन मिनिटांचं काम.

आता आमच्या बाजूचं. परीक्षक काही संत नाहीत आणि हे पत्र एकतर्फी झालं तर मलाच आवडणार नाही. स्वतःचे पाच पेपर संदर्भात घालायला लावणारे आमच्यात आहेत. स्पर्धकाचा पेपर महिनोन्‌महिने दाबून ठेवणारे आहेत. २०१६ च्या अखेरीस 'ॲनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन'मध्ये एका संशोधकाने एक खुलं पत्र छापलं. त्यांचा पेपर त्या पत्रिकेने नाकारला होता. परीक्षणासाठी तो ज्याच्याकडे गेला होता, त्याने तोच मजकूर उचलून स्वतःच्या नावावर दुसरीकडे छापला होता. पाच वर्षांची मेहनत कशी असते, हे तुम्ही कुठल्या तोंडाने विसरलात, असा त्या पत्राचा सूर आहे. मी ते अधूनमधून पुन्हा वाचते. कुंपणानेच शेत खाल्ल्यावर शेतकरी किती शांतपणे बोलू शकतो, ते त्यात दिसतं.

आणि आता नवं : रिव्ह्यू लिहून देणारा चॅटबॉट. लेखकाने विश्वासाने दिलेला अप्रकाशित मजकूर परक्या यंत्रात टाकणं म्हणजे मोहोरबंद पाकीट चौकात उघडण्यासारखं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. 'भाषा सुधारून घेतली फक्त' हे मला पटत नाही. पण २०२५ मध्ये उघड झालेला दुसरा प्रकार पाहा. काही लेखकांनी आपल्या पेपरात पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत यंत्रासाठी सूचना लपवल्या होत्या, की या पेपराबद्दल चांगलंच लिही. माणसाला ती ओळ दिसतच नाही. यंत्राला दिसते. म्हणजे लेखकाला खात्री आहे की पलीकडे माणूस वाचत नाही, आणि परीक्षकाला खात्री आहे की लिहिणाराही माणूस नसेल. दोघांमधे बसलेले तुम्ही, तुम्हाला कशाची खात्री आहे?

लेखकांच्या यादीतल्या फुकट्या नावांवरही मला लिहायचं होतं. विभागप्रमुख म्हणून नाव, निधी आणला म्हणून नाव, उपकार म्हणून नाव. वैद्यकीय संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने लेखक कुणाला म्हणावं याच्या चार अटी घातल्या आहेत आणि चारही पूर्ण व्हाव्या लागतात. पत्रिका अर्ज भरून घेतात आणि अर्ज कुणी तपासत नाही. १९७५ मध्ये जॅक हेदरिंग्टन या भौतिकशास्त्रज्ञाने आपल्या एकट्याच्या पेपरात सगळीकडे 'आम्ही' लिहून ठेवलं होतं. सगळं पुन्हा टाइप करण्याऐवजी त्याने आपल्या मांजराला सहलेखक केलं, त्याला भारदस्त नाव दिलं आणि 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स'ने ते छापलं. त्या मांजराने निदान कुणाची बढती अडवली नाही.

नियम नाहीत, असं म्हणायची सोय तुम्हाला नाही. प्रकाशन-नीतीसाठीची 'कोप' ही समिती संपादकांनीच १९९७ मध्ये स्थापन केली. वाङ्मयचौर्याचा संशय आला तर काय करायचं, आकड्यांबद्दल शंका आली तर कुणाला कधी लिहायचं, लेखक उत्तर देत नसेल तर त्याच्या संस्थेकडे कसं जायचं, या सगळ्याचे पायरीपायरीने काढलेले तक्ते तिने तयार ठेवले आहेत. तुमच्या पत्रिकेच्या संकेतस्थळावर तिचं बोधचिन्ह आहे. माझ्या चौदा महिन्यांत लेखकांशी संपर्क साधण्यापलीकडची एकही पायरी कुणी चढल्याचं मला दिसलं नाही.

वेळ लागतो, हेही मान्य करायला मी तयार आहे, पण किती? लस आणि स्वमग्नता यांचा संबंध सुचवणारा अँड्र्यू वेकफिल्ड यांचा पेपर 'लॅन्सेट'ने १९९८ मध्ये छापला. आधार १२ मुलांचा. २००४ मध्ये बहुतेक सहलेखकांनीच त्या निष्कर्षातून अंग काढून घेतलं. पत्रिकेने पेपर पूर्णपणे मागे घेतला तो फेब्रुवारी २०१० मध्ये. बारा वर्षं तो लोकांच्या मनात मुरत राहिला, अजूनही निघालेला नाही. त्याच 'लॅन्सेट'ने २२ मे २०२० रोजी कोविडच्या औषधांवरचा एक पेपर छापला, ६७१ रुग्णालयांतल्या ९६,००० हून अधिक रुग्णांच्या नोंदींवर आधारलेला. आकडे जुळत नाहीत, असं शंभराहून जास्त शास्त्रज्ञांनी खुल्या पत्राने विचारलं. नोंदी पुरवणाऱ्या कंपनीने त्या स्वतंत्र तपासनीसांना दाखवायला नकार दिला आणि ४ जूनला पेपर मागे घेतला गेला. तेरा दिवस. साथ ऐन भरात होती, सगळ्या जगाचं लक्ष होतं, हे खरं. पण मूळ नोंदी मागायच्या आणि त्या मिळाल्या नाहीत तर थांबायचं नाही, हे तेरा दिवसांत करता येतं एवढं त्यातून ठरलं. माझ्या २३ माणसांसाठी तेरा दिवस नकोत. तीस दिवसांत 'चौकशी सुरू आहे' अशी उघड टीप पेपरावर लावा. ती टीप म्हणजे शिक्षा नाही. पुढचा वाचणारा सावध व्हावा, इतकाच तिचा अर्थ.

परीक्षणाचे पैसे द्या, असं माझे काही सहकारी म्हणतात. एका अभ्यासाच्या अंदाजाने २०२० या एका वर्षात जगभरच्या परीक्षकांनी १० कोटींहून जास्त तास या कामाला दिले, म्हणजे १५,००० वर्षांहून अधिक. हे फुकट घेऊन प्रकाशक नफा कमावतात, हा राग मलाही आहे. तरी पैशाने हे सुटेल असं मला वाटत नाही. नगावर पैसे मिळू लागले तर नग वाढतील. मला मोबदल्यात दुसरं काही हवं आहे. मी लिहिलेल्या अभिप्रायाचं काय झालं, ते कळावं. दुसऱ्या परीक्षकाने काय म्हटलं, ते वाचायला मिळावं. आणि आमची दोघांची मतं जुळली नाहीत तर तुम्ही कुणाचं का मानलं, हे तुमच्या शब्दांत, तुमच्या नावाने, चार ओळींत लिहिलेलं असावं. चारच. त्या लिहायला पेपर वाचावा लागतो.

त्या ओळी पेपरासोबत छापाव्यात. परीक्षकांचे अभिप्रायही. 'एम्बो जर्नल' हे २००९ पासून करतं आहे, 'नेचर'ने २०२५ मध्ये आपल्या सगळ्या नव्या संशोधन-पेपरांसाठी ते सुरू केलं, आणि कुठेही आभाळ कोसळलेलं नाही. परीक्षकांची नावं मात्र त्यांच्या इच्छेवर सोडा. ज्याच्या शिफारसपत्रावर आपली पुढची नोकरी अवलंबून आहे, त्याच्या पेपरातली चूक दाखवायची असेल तर तरुण संशोधकाला पडदा हवा. मला आता नको आहे. आणि तुम्हाला तर तो कधीच मिळायला नको होता. स्वीकारणाऱ्या संपादकाचं नाव काही पत्रिका पेपराच्या पहिल्या पानावर छापतात. ज्या छापत नाहीत, त्यांच्याकडे न छापण्याचं एकही कारण मला सापडलेलं नाही.

तुमच्यावर ताण आहे, हे मी जाणते. तुमच्यातले बरेच जण हे काम आपली नोकरी सांभाळून, नाममात्र मानधनावर करतात. वीस जणांना विचारल्यावर दोन परीक्षक मिळतात. पण म्हणूनच विचारते, दर वर्षी जास्त पेपर छापण्याचं वचन तुम्ही कुणाला दिलं आहे? जेवढे वाचता येतात तेवढेच घेतले तर पत्रिका बारीक होईल. होऊ द्या. प्रकाशकांशी भांडावं लागेल. २०२३ मध्ये 'न्यूरोइमेज'च्या संपादकांनी छपाईच्या शुल्कावरून सामुदायिक राजीनामे दिले आणि आपली नवी पत्रिका काढली. तेव्हा तुमच्या हातात काहीच नसतं, हेही खरं नाही.

त्या पेपरावरचा माझा अभिप्राय मी जपून ठेवला आहे. एकच पान आहे. त्यात तक्त्यांबद्दल एक शब्द नाही. ज्या पत्रिकेने तो पेपर छापला, तिच्या संपादकांना माझी विनंती आहे, की तो पेपराखाली जसाच्या तसा छापा, माझ्या नावासकट. माझी लेखी परवानगी मी आजच तुम्हाला वेगळी पाठवली आहे. त्याच्याखाली तुमचं निर्णयाचं टिपण छापा. असेल तर.

तुमच्याकडून आलेला चौथा पेपर काल उघडला. मुदत १४ दिवसांची आहे. मला पाच आठवडे लागतील. मूळ नोंदींची फाइल सोबत नाही, ती मागवून घ्यावी. ती येईपर्यंत मी पहिल्या तक्त्यापासून भागाकार करत बसले आहे.

आपली,
परीक्षक क्रमांक २